रात्रीत बसलेली गाडी: जुन्या आलिशान गाडीचं एअर सस्पेन्शन आणि त्याचा खर्च

सकाळी सात वाजता तळमजल्यावरच्या काकांचा फोन आला. "अरे, जरा खाली ये. गाडी पंक्चर झालीय बहुतेक. पण चाकात हवा तर दिसतेय."

चाकात हवा होतीच. गेली होती ती चाकाच्या वरची. पंधरा वर्षांची जर्मन सेडान, तीन महिन्यांपूर्वी साडेसात लाखांना घेतलेली. तिचा पुढचा डावा कोपरा इतका खाली बसला होता की टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटही जाईना. काकांनी गाडी सुरू केली. पुढून कुठून तरी घूं असा आवाज आला आणि मिनिटाभरात गाडी हळूहळू उठून सरळ झाली. "उठली की!" काका खूश झाले.

त्यानंतर ती पाच आठवडे रोज रात्री बसत होती आणि रोज सकाळी उठत होती. मग एका सकाळी उठलीच नाही. त्या सकाळी काकांनी ती तशीच, टायर घासत, चार किलोमीटरवरच्या गॅरेजपर्यंत नेली. हवेच्या नळीच्या एका सांध्यातून गळती होती. ती बंद करायला तीन हजार रुपये लागले असते. शेवटी बिल झालं २ लाख २४ हजार. तीन हजारांचे सव्वादोन लाख कसे झाले, हे समजून घेतलं तर अशा गाड्यांच्या खर्चाचं जवळपास सगळं गणित समजतं. म्हणून हा लेख.

लोखंडाऐवजी हवा

गाडीच्या प्रत्येक चाकापाशी दोन कामं चालतात. एक म्हणजे गाडीचं वजन पेलणं. ते स्प्रिंग करते. ट्रकला त्यासाठी पाटे असतात, साध्या कारला गुंडाळलेली लोखंडी स्प्रिंग. दुसरं काम, खड्ड्यातून गेल्यावर ती स्प्रिंग नाचत राहू नये म्हणून तिला आवरणं. ते शॉकअपचं काम. लोक सरसकट "शॉकअप गेले" म्हणतात, पण वजन पेलणारं आणि नाचणं थांबवणारं हे दोन वेगळे भाग आहेत. पुढे बिल वाचताना हा फरक उपयोगी पडतो.

एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराची, आत दोऱ्यांचं विणकाम असलेली हवाबंद पिशवी असते. गॅरेजवाले तिला बेलो म्हणतात, कुणी बलूनही म्हणतात. फुग्यासारख्या वस्तूवर दोन टनांची गाडी कशी उभी राहते, असं वाटतं खरं. गणित सोपं आहे. समजा पुढच्या एका कोपऱ्यावर ४८० किलो भार आहे आणि पिशवी ६० चौरस सेंटीमीटरवर तो पेलते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ८ किलो, सुमारे ८ बार दाब. आपल्या टायरमध्ये हवा असते ती साधारण सव्वादोन-अडीच बार. टायरच्या तिपटीहून जास्त दाब ही पिशवी रात्रंदिवस, वर्षानुवर्षं धरून असते, आणि तेही प्रत्येक खड्ड्याला दुमडत-उलगडत.

हा खटाटोप कशासाठी? घरातली पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोल्हापूरला निघालात, तर लोखंडी स्प्रिंग दबते आणि गाडी मागून बसते. हवेच्या गाडीत उंची मोजणारा सेन्सर ते ओळखतो आणि मागच्या पिशव्यांमध्ये हवा वाढवली जाते. गाडी पुन्हा सरळ होते, आणि भार वाढला तरी तिचा मऊपणा जवळपास तसाच राहतो. लोखंडी स्प्रिंग एकाच भारासाठी छान बसवता येते. हवेची स्प्रिंग भाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. शिवनेरीच्या व्होल्वो बसमधून मुंबई-पुणे केलेल्यांनी हे सुख अनुभवलेलं आहे, कारण त्या बसलाही हवेच्याच स्प्रिंगा असतात. पण बसमध्ये आणि कारमध्ये एक मोठा फरक आहे. बसला ब्रेकसाठी हवा लागतेच, त्यामुळे इंजिनावर चालणारा दणकट कॉम्प्रेसर आणि मोठ्या टाक्या तिच्याकडे आधीपासून असतात. थोडीफार गळती तिला जाणवतही नाही. कारमध्ये मात्र मुठीत मावेल एवढ्या मोटरचा विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो. तो अधूनमधून काही सेकंद चालावा, एवढ्याच बेताने बनवलेला. काकांच्या बिलाचं मूळ इथेच आहे.

कल्पना नवी नाही. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने १९५५ च्या डीएस गाडीमध्ये तेल आणि नायट्रोजनची जोडी वापरून असाच मऊ, उंची राखणारा प्रवास दिला. मर्सिडीजने १९६३ च्या '६००' या मॉडेलमध्ये हवेच्या स्प्रिंगा बसवल्या. पण हे प्रकरण सेकंडहँड बाजारापर्यंत पोचलं ते १९९८ मध्ये आलेल्या डब्ल्यू २२० पिढीच्या एस-क्लासमुळे. त्या गाडीत 'एअरमॅटिक' नावाची हवेची यंत्रणा सरसकट दिलेली होती. नंतर ऑडी, फोक्सवॅगन फेटन अशा अनेक गाड्या याच वाटेने आल्या. मर्सिडीज १९९४ मध्ये पुण्यात आली, आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात आणि २००९ पासून चाकणच्या कारखान्यात गाड्यांची जुळणी करू लागली. त्यामुळे पुण्यात शोरूमबाहेरही या गाड्या आतून ओळखणारे मेकॅनिक सापडतात. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा मोठा आधार असतो.

गळती एकीकडे, मरण दुसरीकडे

हवेचा प्रवास असा. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो. ती आधी ड्रायरमधून जाते. ड्रायरमध्ये बाष्प शोषणारे खडे असतात, नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतात तसे. तिथून कोरडी हवा व्हॉल्व्ह ब्लॉककडे जाते. हा ब्लॉक म्हणजे शेतातल्या पाटाची बारी देणारा माणूस समजा. कुठल्या चाकाचं दार उघडायचं आणि कुठल्याचं बंद ठेवायचं, हे तो ठरवतो. त्याला हुकूम देतो कंट्रोल युनिट, आणि कंट्रोल युनिटला खबर देतात चाकांजवळचे उंचीचे सेन्सर. बऱ्याच गाड्यांत हवेची छोटी राखीव टाकीही असते.

आता गळती. ती सर्वांत जास्त होते पिशवीच्या घडीपाशी. चाक वरखाली होताना रबर रोज एकाच जागी दुमडतं. उष्णता, हवेतला ओझोन आणि घडीत अडकलेली धूळ यांनी तिथे बारीक भेगा पडतात. चालत्या गाडीत कळत नाही, कारण कॉम्प्रेसर भरपाई करत असतो. रात्री गाडी उभी राहिली की कळतं. थंडीत आणखी लवकर कळतं. गार हवेचा दाब कमी होतो आणि रबरही कडक होऊन भेगा उघड्या पडतात. दुसरी जागा म्हणजे नळी जिथे स्ट्रटला, म्हणजे पिशवी आणि शॉकअप यांच्या एकत्र जोडणीला, जोडलेली असते तो सांधा. काकांच्या गाडीत गळती तिथेच होती. तिसरी, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतली झिजलेली सीलं.

गळती झाली की कॉम्प्रेसर काही सेकंदांऐवजी मिनिट-मिनिट चालू लागतो, आणि दिवसातून कितीतरी वेळा. तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते, दाब कमी पडतो, म्हणून आणखी जास्त वेळ चालतो. त्याला वीज देणारा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, एवढा-एवढासा असतो. वारंवारच्या चालू-बंदने कधी त्याच्या आतले धातूचे संपर्क एकमेकांना चिकटतात, आणि मग गाडी बंद केली तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो. त्या रात्री कॉम्प्रेसर जळतो, किंवा बॅटरी तरी संपते.

ड्रायरची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. निरोगी यंत्रणेत गाडी खाली घेताना पिशवीतली कोरडी हवा ड्रायरमधूनच उलट बाहेर सोडली जाते. जाताना ती खड्यांनी शोषलेलं बाष्प सोबत घेऊन जाते. म्हणजे ड्रायर स्वतःच स्वतःला वाळवत असतो. गळती असली की हवा भलत्याच जागेतून निसटते आणि ड्रायरकडे परत येतच नाही. खडे ओले होत जातात आणि पुढे ओलसर हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे किती वेगाने होत असेल, याची कल्पना करा. म्हणूनच चाकापाशी झालेली बारीक गळती कॉम्प्रेसर मारते, ड्रायर मारते आणि कधी ब्लॉकही मारते. आणि म्हणूनच गळती न शोधता नुसता नवा कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. असा बसवलेला नवा कॉम्प्रेसर काही महिन्यांत पुन्हा जळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि दर वेळी मालकाने दोष पार्टला दिला.

काकांचं पुढे काय झालं ते आता सरळ दिसेल. सांध्यातून गळती, पाच आठवडे जादा चाललेला कॉम्प्रेसर, मग जळलेला कॉम्प्रेसर आणि रिले. हवा नसल्यामुळे गाडी बसलेलीच राहिली. हवा नसलेली पिशवी आत चुरगळते. अशा अवस्थेत गाडी चार किलोमीटर चालली आणि डावी पिशवी दोन धातूंच्या मध्ये चिमटून फाटली. पुढचे टायर घासून गेले. बिलात कॉम्प्रेसर ५८ हजार, रिले दीड हजार, पुढचे दोन स्ट्रट १ लाख ४ हजार, सांध्याचं काम ३ हजार, दोन टायर ३२ हजार, मजुरी आणि तपासणी २२ हजार, व्हील अलाइनमेंट साडेतीन हजार. हे बाहेरच्या गॅरेजचे आणि बाहेरच्या चांगल्या पार्टचे दर. अधिकृत वर्कशॉपने याच कामाला मूळ पार्टसह ५ लाख १० हजारांचं अंदाजपत्रक दिलं होतं.

साडेसात लाखांच्या गाडीला पाच लाखांची दुरुस्ती! काकांना हा अन्याय वाटला. मला त्यांचा राग समजतो, पण हिशेब तिथे नाही. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पार्टची उतरत नाही. नवी असताना ही गाडी पन्नास-साठ लाखांची होती आणि तिचा प्रत्येक पार्ट त्याच किमतीच्या घरचा आहे. तुम्ही गाडी साडेसात लाखांना घेतली असली, तरी तिचा सांभाळ पन्नास लाखांच्या गाडीचाच करायचा आहे. शिवाय पार्टवर आयातशुल्क आणि जीएसटी असतो. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

कुठला पार्ट घ्यायचा

मूळ पार्ट म्हणजे कंपनीच्या डब्यातला. पण तो बहुतेक वेळा कार कंपनी स्वतः बनवत नाही. बिलस्टाइन, वाब्को, कॉन्टिनेंटल अशा कंपन्या वाहन उत्पादकांना असे भाग पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. डबा वेगळा, किंमत बरीच कमी. जुन्या गाडीसाठी माझी पहिली पसंती कायम याला. आपल्या मॉडेलला त्यांचा भाग मिळतो का, हे पार्ट नंबर घेऊन विचारायचं.

त्याखाली येतात पुनर्बांधणी केलेले स्ट्रट. जुन्या स्ट्रटवर नवी पिशवी चढवलेली असते. स्वस्त पडतात, आणि चांगल्या हाताने केलेले असले तर टिकतातही. पण वर सांगितलेला फरक इथे आठवा. नवी आहे ती पिशवी, म्हणजे वजन पेलणारा भाग. आतला शॉकअप तोच, दीड लाख किलोमीटर चाललेला. विकणाऱ्याला सरळ विचारा की शॉकअप तपासला का, आणि वॉरंटी लेखी घ्या. नाव-गाव नसलेल्या अगदी स्वस्त स्ट्रटपासून मात्र लांबच राहा. या कामात मजुरीच एवढी असते की वर्षभरात दुसऱ्यांदा उघडावं लागलं तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

एक स्ट्रट बदलायचा की जोडी? डावा आणि उजवा एकाच वयाचे असतात, एकाच रस्त्यावर चाललेले. एकाच्या घडीत भेगा असतील तर दुसऱ्याच्याही नीट पाहा. भेगा दिसल्या तर जोडीच बदला. दिसल्या नाहीत आणि पैशांची ओढाताण असेल, तर एक बदलून वाट पाहण्यात काही चूक नाही.

आणि प्रत्येक दुखणं हवेचं नसतं. स्पीडब्रेकरवर खटखट आवाज, स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, टायर आतल्या कडेने झिजणं, ही बहुधा लोअर आर्मच्या बुशची, बॉल जॉइंटची किंवा लिंक रॉडची लक्षणं. चाकाच्या जोडणीतले हे भाग कुठल्याही गाडीत असतात आणि तुलनेने स्वस्तात होतात. डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा इशारा आला म्हणून लगेच स्ट्रट बदलायला निघू नका. कमजोर बॅटरीनेही खोटे इशारे येतात. उंचीच्या सेन्सरची छोटी दांडी तुटली तरी गाडी वाकडी उभी राहते. रात्रीत एकच कोपरा बसत असेल तर बहुधा त्या चाकाची पिशवी किंवा नळी. गाडी बसते, पण आवाज करून उठते, तर गळती. आवाजच येत नाही आणि उठतही नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहा, मग कॉम्प्रेसर. मर्सिडीजच्या स्टार डायग्नोसिससारखं, गाडीचा संगणक वाचणारं मशीन जोडून प्रत्यक्ष दाब आणि उंचीचे आकडे वाचून घ्या, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे कुठे येतात ते दाखवल्याशिवाय कुणी पार्ट बदला म्हणत असेल, तर दुसऱ्या गॅरेजात जा.

"हे सगळं काढून लोखंडी स्प्रिंगा टाक, कटकट मिटेल," असा सल्ला हमखास मिळतो. तशी किट मिळतात, आणि अडलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. पण उंची राखणं जातं, बटणाने गाडी उचलणं जातं, डॅशबोर्डचे इशारे बंद करायला वेगळी जुळवाजुळव लागते, आणि जिच्यासाठी ही गाडी घेतली ती चालच बदलते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. आरटीओत आणि विमा कंपनीला आधी विचारा, विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या. विम्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, साध्या वाहन विम्यात झिजेमुळे किंवा यांत्रिक बिघाडामुळे झालेला खर्च मिळत नाही. बसलेली गाडी हे त्यांच्या लेखी अपघात नव्हे, झीज आहे.

घेण्याआधी

जुनी हवेची गाडी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, मालकाच्या दारात जा, आणि तुम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका असं आदल्या रात्रीच सांगा. सोबत मोजपट्टी न्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी अंतर मोजा. चाकाच्या मध्यापासून मोजल्यामुळे टायरमध्ये हवा कमी-जास्त असली तरी फरक पडत नाही. मग गाडी सुरू करून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. रात्रभरात कुठला कोपरा किती उतरला, हे तिथेच आकड्यांत दिसेल. उंची वाढवायचं बटण असेल तर दाबा आणि घड्याळ पाहा. दोन-तीन सेंटीमीटर उठायला फार वेळ लागत असेल, आवाज घरघरता असेल, तर कॉम्प्रेसर थकलाय. मालक म्हणाला की गाडी मी आधीच गरम करून ठेवली, तर मी त्या दिवशी व्यवहार करत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

गाडी कुठल्या यंत्रणेची आहे हेही विचारून घ्या. मर्सिडीजच्या काही वरच्या मॉडेलांत एअरमॅटिकऐवजी 'एबीसी' असते. ती हवेवर नाही, प्रचंड दाबाच्या तेलावर चालते. पंप, नळ्या, सिलिंडर, सगळंच आणखी महाग. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या खर्चात यामुळे मोठं अंतर पडतं.

आणि जिवाची गोष्ट. हवेवर उभ्या गाडीखाली कधीही डोकं घालू नका. हवा कधी सुटेल याचा नेम नसतो. जॅक लावण्याआधी यंत्रणा बंद करायची किंवा जॅक मोडमध्ये टाकायची, आणि खाली घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावायचीच. नवा स्ट्रट बसवल्यावर आधी त्यात हवा भरायची, मगच गाडी चाकांवर उतरवायची. रिकाम्या पिशवीवर भार आला की पहिल्याच दिवशी तिची घडी चुकते आणि ती फाटते. आणि बसलेली गाडी चालवत नेऊ नका. सपाट पाठीची टोइंग गाडी मागवा. त्या दिवशी काकांना मी हे सांगितलं असतं तर निम्म्याहून जास्त बिल वाचलं असतं. ते माझ्याकडून राहिलं, ही खंत अजून आहे.

आता काकांच्या ग्लोव्हबॉक्समध्ये मोजपट्टी आणि एक छोटी वही असते. दर रविवारी सकाळी चार आकडे लिहितात. थंडीत तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतं, त्याची त्यांना आता सवय झालीय. गेल्या रविवारी मागचं उजवं ११ मिलिमीटर खाली दिसलं. त्यांनी मला फोन केला तेव्हा गाडी अजून सुरूसुद्धा केलेली नव्हती.